काकडीच्या अंगातली आग

मडक्याचं झाकण थडथडायला लागलं तशा चौकातल्या सगळ्या बाया एकदम “अगं अम्मा!” म्हणून ओरडल्या आणि पुढे बसलेल्या बाप्यांनी धुळीत डोकी टेकली.

मडकं चुलीवर नव्हतं. चूल नव्हती, निखारा नव्हता, काडेपेटीसुद्धा नव्हती. विणकरांच्या गल्लीच्या चौकात, भर दुपारी, एका पाटावर ठेवलेलं साधं काळं मडकं. भाजलेल्यांची आग उतरवतो म्हणणाऱ्या आगबुवाने ते थोड्या वेळापूर्वी लोकांत फिरवलं होतं. “घाला हात, बघा चाचपून!” ज्यांनी हात घातला त्यांना वरवर गार, कोरडी राख लागली. आता त्याच मडक्यातून फसफस आवाज येत होता, कडेने वाफ निसटत होती आणि झाकण जागच्या जागी नाचत होतं.

“निघाली!” आगबुवा गरजला. “नंदूरावाच्या हातातली आग निघाली! बघा कशी तडफडतीया मडक्यात! बोला नंदूराव, ऱ्हायली का हातात?”

नंदूराव म्हणजे एका वकिलाकडचा कारकून. मॅट्रिक पास, डोक्याला काळी टोपी, खिशाला फौंटनपेन. चहाचं आधण मनगटावर सांडून रुपयाएवढा डाग पडला होता. तो डाग थोड्या दिवसांत आपोआप गेला असता. पण नंदूरावाने टोपी काढून हात जोडले. “नाही महाराज, गार पडलं,” म्हणाला. शिकलेला माणूस हात जोडतो म्हटल्यावर न शिकलेल्यांनी लोटांगणं घातली.

मी गर्दीच्या कडेला माझी पेटी घेऊन उभा होतो. मी गंगाधर, म्युनिसिपालटीचा देवी काढणारा. कागदावर व्हॅक्सिनेटर, गल्लीत ‘देवीवाला’. छत्तीस सालच्या त्या उन्हाळ्यात सोलापुरात देवीची साथ येऊन ठेपली होती आणि मी पोरांना टोचायला दारोदार हिंडत होतो. माझी पेटी दिसली की या गल्लीतल्या आया पोरांना मागाच्या खड्ड्यात लपवत. हातमाग बसवताना जमिनीत खड्डा करतात, विणणारा त्यात पाय सोडून बसतो. त्या अंधारात पोरं कोंबायची आणि वर आपण बसायचं. सुईच्या टोचणीने पोर मरेल म्हणून भिणाऱ्या त्याच आया आता कडेवरची पोरं पुढे करून मडक्याची वाफ त्यांच्या तोंडाला लावत होत्या. मला राग आला असं लिहिणार होतो, पण खरं सांगायचं तर शिसारी आली.

बुवाने गिऱ्हाईक नीट हेरलं होतं. या गल्लीत भाजणं रोजचंच. घरोघरी अंगणात तीन दगडांवर खळीचं भांडं रटरटत असतं. खळ म्हणजे पिठाची दाट पेज. ती ताण्याच्या, म्हणजे मागावर उभ्या ताणायच्या सुताला चोळली की वाळून सूत टणक होतं, मागावर तुटत नाही. ती उकळती पेज कधी हातावर उडते, कधी पायावर सांडते, आणि सांडली की चिकटून बसते.

आगबुवाचं प्रवचन मी त्या दिवशी पुरतं ऐकलं.

“पाणी म्हंजे आगीची सवत!” तो बोट नाचवत सांगत होता. “सवत दारात आली की आग काय करती? रुसून आतल्या खोलीत जाती. आतली खोली म्हंजे काय? काळीज! म्हनून सांगतो बायांनो, भाजल्यावर पान्याचा थेंब लावाल तर फोड येतील, आग काळजात शिरंल अन् मानूस जाईल.”

सवतीचा दाखला दिल्यावर बायांच्या माना डोलणारच.

“अन् खळ? खळ तर तुमची आई! सूत टिकतं कशानं? खळीनं. मग कातडी काय वेगळी हाय? ती बी देवानं विणल्यालीच की! लावा खळ, वाळू द्या खडखडीत!”

हा मुद्दा तर विणकरांना थेट काळजात बसला. सुताला जे बळ देतं ते कातडीला का देणार नाही? दुसऱ्या कुठल्या गावात कोणी भाजल्यावर खळ लावल्याचं मी ऐकलं नव्हतं. इथे ती आधीपासूनच लावत होते; बुवाने तिच्यावर नुसता मंत्र टाकला आणि तिच्यात शेण कालवलं. शिवाय त्यात घालायचा मडक्यातला ‘अंगारा’. आग मडक्यात उतरली की खालची राख फुगून पांढरी होई. ती पांढरी भुकटी म्हणजे बुवाचं खरं औषध.

त्याची सोय तर बघा. डाग लहान असेल तर तो आपोआप बरा होई, जय आगबुवा. डाग मोठा असेल आणि माणूस तापाने फणफणला, तर बुवा विचारी, “पाणी लावलंत?” ज्याला भाजलंय तो घरात कधीतरी हात धुतोच, घाम येतोच, कोणाच्या तरी ओल्या हाताचा स्पर्श होतोच. मग बुवा कपाळाला हात लावी. म्हणजे बरं झालं तर बुवामुळे, मेलं तर पाण्यामुळे. असला धंदा बुडायचा कसा?

मडक्याची युक्ती मात्र मला त्या दिवशी कळली नाही. तिचा क्रम असा होता. बुवा भाजलेल्या हाताला लाल सुताची एक लड गुंडाळी. “आग सुतात चढू द्या!” मग ती लड काठीने उचलून मडक्यात खोल खुपसायची आणि वर झाकण. लडीला कोणी हात लावायचा नाही. “आगीनं भरल्याली लड हाय, बोटं जळतील!” ती लड त्याचा चेला संगप्पा आपल्या झोळीतून काढून देई. संगप्पाच्या बोटांची कातडी पांढरी पडून भेगाळली होती, हे मी पाहिलं. पाहिलं आणि विसरलो.

मी निघालो तेवढ्यात गल्लीतल्या नरसय्या विणकराच्या अंगणातून किंकाळी आली.

नरसय्याची आठ-नऊ वर्षांची मुलगी गौरम्मा कांड्या भरायची, म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची नळी चरख्यावर गुंडाळायची. गल्लीत तिच्याइतक्या झपाट्याने कांडी भरणारी पोर नव्हती. ती खळीच्या भांड्याशेजारून पळत गेली, परकराचं टोक दगडात अडकलं आणि भांडं कलंडलं. उजव्या हातावर कोपरापासून बोटांपर्यंत उकळती खळ.

मी पेटी टाकून धावलो. दारात पाण्याची घागर भरून ठेवलेली होती. मी पोरीचा हात धरला, घागर कलती केली आणि पाण्याची धार हातावर सोडली. पोर एकदम गप्प झाली. तोंड उघडंच, पण आवाज थांबला.

“वद्दु! नीळ्ळु वद्दु! पाणी नगं!”

पोरीची आजी काशम्मा तेलुगूत ओरडत घरातून आली आणि तिने माझ्या हातातली घागर हिसकली. मी धरून ठेवायला गेलो तशी म्हातारीने ती ढकलूनच दिली. उन्हाळ्यात या गल्लीत पाण्याची घागर बायका मैलभरावरून आणत. ती सगळी घागर धुळीत गेली. गौरम्मा पुन्हा किंचाळायला लागली. पायाखाली पाणी वाहतंय आणि हात जळतोय.

“अव्वा, हातावर पाणी घालू द्या!” मी ओरडलो. “औषध कुठलं ते डॉक्टर नंतर बघतील, आधी पाणी! बांगड्या काढा, हात सुजायच्या आत काढा!”

“तू सुईवाला हाईस, आगीतलं तुला काय कळतंय?” काशम्मा म्हणाली. “माजी नात काळजात जळून मरू दे म्हनतोस?”

आणि ती पोरीला छातीशी धरून चौकाकडे पळाली. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. ती दुष्ट नव्हती. तिच्या जागी एखादी दुष्ट बाई असती तर मला सोपं गेलं असतं.

चौकात तोच खेळ झाला. लाल लड हाताभोवती गुंडाळली आणि गौरम्मा पुन्हा क्षणभर शांत झाली. “बघा! बघा! आग सुतात गेली!” गर्दी ओरडली. मडकं फसफसलं. मग बुवाने पोरीच्या हातावर खळ, शेण आणि पांढऱ्या अंगाऱ्याचा जाड थर थापला. त्याबरोबर ती अशी ओरडली की बाजूची दोन पोरं रडायला लागली. “आग भाईर येतीया, म्हनून झोंबतंय,” बुवाने सांगितलं. काचेच्या बांगड्या तशाच राहिल्या. वर मनगटाला तांब्याची तार पिळून बांधली, आगीने परत येऊ नये म्हणून.

पुढच्या आठवड्यात मी गल्लीत शिरलो तर गल्लीच्या तोंडाशीच गौरम्माची आई राजम्मा उभी. आयुष्यात पहिल्यांदा एक बाई माझी वाट पाहत होती.

“जरा येताव काय,” ती हळूच म्हणाली. “वास मारतोय.”

वास अंगणातूनच येत होता. माझं काम असं आहे की मी फुटलेल्या देवी पाहिल्या आहेत, सडलेल्या जखमा पाहिल्या आहेत. तरी दारात मी थबकलो. पोर भिंतीला टेकून बसली होती आणि तिचा हात आजीच्या मांडीवर होता. खळीचा थर वाळून पापडासारखा कडक झाला होता, त्याला चिरा गेल्या होत्या आणि चिरांतून पिवळं पाणी झिरपत होतं. माश्या बसत होत्या, आजी पदराने हाकलत होती. तांब्याची तार सुजेत इतकी रुतली होती की दिसतच नव्हती. बाहेर राहिलेली बोटांची टोकं निळसर पडली होती.

“तार कापली पाहिजे. आत्ता,” मी म्हणालो.

“तारेला हात लावायचा न्हाय,” नरसय्या दारातून म्हणाला. त्याला माझ्याकडे बघवत नव्हतं. “बुवा म्हनला, देवीवाल्यानं पाणी शिवलं म्हनून आसं झालं. आता बांध तोडला तर पोरगी जाईल. गल्लीत सगळ्यास्नी सांगितलंय त्यानं.”

वा रे वा! पाण्याची धार ओतली ती क्षणभर, त्याचं पाप माझ्या माथी. मला इतकी किळस आली की थुंकावंसं वाटलं. पण तिथे थुंकायलाही जागा नव्हती, सगळीकडे घाणच होती.

मी पोरीसमोर बसलो. “गौरम्मा, लई दुखतं का?”

तिने होकाराची मान हलवली. मग अगदी लहान आवाजात म्हणाली, “मामा, ती लड परत बांधा की.”

“कुठली लड?”

“बुवाची. लाल. ती बांदली तवा गार वाटलं हुतं. वली हुती ना.”

“ओली? आग भरलेली लड ओली होती?”

“चिप्प वली हुती. हातावरनं पाणी गळलं की. तुमी घागर वतली हुती तवा वाटलं, तसंच गार. मग त्यांनी काडून घेतली.” आणि ती रडायला लागली.

मी पुढे वाकलो. मग थराच्या कडेची पांढरी भुकटी चिमटीत घेतली, बोटावर थुंकी लावून चोळली. साबणासारखी बुळबुळीत लागली. जिभेच्या टोकाला लावली आणि जीभ चरचरली. पान खाणाऱ्या कुठल्याही माणसाने ओळखला असता. चुना!

कोरडा कळीचा चुना, भट्टीतून निघालेलं ढेकूळ. त्याच्यावर पाणी पडलं की तो तापतो, उकळतो, फुटतो आणि फुगून पांढरी भुकटी होतो. दर दिवाळीला याच गल्लीत भिंतींना सफेदी करायच्या आधी पिंपात चुना टाकून वर पाणी ओततात. पिंप रटरटतं, वाफा येतात, आणि हीच माणसं पोरांना “लांब व्हा, भाजंल!” म्हणून हाकलतात. त्या पिंपाला कोणी नमस्कार करत नाही. तोच चुना राखेखाली मडक्यात लपवला आणि पाणी लाल सुतात लपवलं, की लगेच लोटांगणं. आणि मग तोच चुना भाजलेल्या कातडीवर! म्हणजे या हरामखोराने आधी भाजलेली पोर दुसऱ्यांदा भाजली होती.

“अव्वा,” मी काशम्माला म्हणालो, “बुवाचं मडकं मी उकळवून दाखवलं तर तार कापू द्याल?”

म्हातारीने पदराने माशी हाकलली. मग नातीच्या निळ्या बोटांकडे बघितलं.

“दाकीव,” म्हणाली. “पन आजच.”

मी अर्ध्या तासात चुन्याच्या वखारीतून चार ढेकळं, नरसय्याच्या चुलीतली राख, एक मडकं आणि बाजारातून एक लांबलचक हिरवी काकडी घेऊन चौकात आलो. राजम्माने लाल सुताची लड दिली. ती मी त्यांच्याच घागरीत भिजवून, थोडी पिळून पिशवीत टाकली. सूत लाल असलं की ओलं आहे की कोरडं, लांबून काही कळत नाही. काशम्मा पोरीला कडेवर घेऊन आली होती.

बुवाचा दरबार भरलेला होताच. नंदूराव आज पुढच्या रांगेत.

“महाराज,” मी हात जोडून म्हणालो, “माझा रोगी आणलाय. याच्या अंगात भयंकर आग आहे.”

“कुटं हाय रोगी?”

मी काकडी पाटावर ठेवली. पोरं खिदळली. बायांनी तोंडाला पदर लावले.

“चेष्टा करतोस व्हय रे, देवीवाल्या?” बुवा उठू लागला.

“चेष्टा कसली? बघा, मडक्यात हात घाला सगळे. राख कोरडी आहे ना? गार आहे ना? हां. आता ही लड. हात लावू नका बरं, बोटं जळतील!” मी बुवाचाच आवाज काढला. लड काकडीला गुंडाळली. “आता मंत्र. सतरा एके सतरा! सतरा दुणे चौतीस! सतरा त्रिक एक्कावन्न!”

सतराचा पाढा मला लहानपणीही नीट येत नव्हता, पण आवाज मी खच्चून लावला होता. लड काठीने उचलून मडक्यात खोल खुपसली आणि झाकण ठेवलं. काही होईना. बुवा हसला. नंदूराव हसला. सतरा साते मी दोनदा म्हटलं.

मग मडक्यात आत काहीतरी तडकलं. फसफस सुरू झाली. कडेने वाफेचा धागा निघाला आणि झाकण थडथडायला लागलं.

पुढे बसलेली पोरं मागे सरकली.

“निघाली!” मी ओरडलो. “काकडीच्या अंगातली आग निघाली! बघा कशी तडफडतेय! आता काकडीला पाणी लावू नका, नाहीतर आग तिच्या काळजात शिरेल!”

कोणीतरी मागून फस्सकन हसलं, आणि मग हसू सगळीकडे पसरलं. पण बुवा असा तसा नव्हता. तो दोन्ही हात वर करून उभा राहिला.

“हसता काय? काकडीत आग न्हाय व्हय? ती उन्हात वाढती! सूर्याची आग तिच्या अंगात भरल्याली असती! या मानसानं माझा मंत्र चोरला!”

आणि काय सांगू, त्या गर्दीतल्या निम्म्या माना पुन्हा डोलायला लागल्या. नंदूराव तर म्हणाला, “तेही शास्त्रीयच आहे.” मला वाटलं, संपलं. माणूस डोळ्यांनी बघतो, कानांनी ऐकतो आणि तरी मान डोलावतो. एवढी किळस मला पोरीच्या हाताची आली नव्हती.

तेवढ्यात काशम्मा पुढे आली. तिने पोरीला आईच्या हातात दिलं आणि काही न बोलता सरळ संगप्पाच्या झोळीत हात घातला.

“हात लावू नगं म्हातारे, जळशील!” बुवा ओरडला.

जन्मभर सूत हाताळलेल्या बाईचा हात होता तो. तिने झोळीतून लाल लड बाहेर काढली. ती नुसती बोटांत धरली आणि तिचा चेहरा बदलला. मग तिने सगळ्यांसमोर दोन्ही हातांनी लड पिळली, धुणं पिळतात तशी. पाण्याची धार खाली धुळीत पडली.

“नीळ्ळु,” ती म्हणाली. मग मराठीत, बुवाकडे बघत म्हणाली, “पाणी हाय हे.”

कोणी हसलं नाही. ती तिथेच खाली बसली.

“मी वतून दिली घागर,” म्हणाली. “माज्या हातानं.”

मी तार कापली. सुजेतून ती बाहेर काढताना गौरम्मा बेशुद्ध पडली. बांगड्या एकेक करून फोडून काढल्या. नरसय्याने तिला खांद्यावर घेतलं आणि आम्ही दवाखान्यात पळालो. मागे चौकात बुवाला लोकांनी बडवलं म्हणतात. संगप्पा झोळी टाकून पळाला. बुवाला बडवून आपण शहाणे झालो असं ज्यांना वाटलं, त्यांना माझा दंडवत. मंद्रूपच्या बाजारात महिन्याभराने तोच बुवा दुसऱ्या नावाने दात दुखणं उतरवत होता, असं मला एका व्यापाऱ्याने सांगितलं. आणि नंदूराव अजून सांगतो, “काही म्हणा, माझा हात तर बरा झाला.”

डॉक्टरांनी तो थर ओरबाडला नाही. उकळून गार केलेल्या पाण्यात हात कितीतरी वेळ भिजवून तो हळूहळू सोडवला. खाली जे होतं ते मी लिहीत नाही. शेणातून धनुर्वात होऊ नये म्हणून सुई टोचली. काशम्मा दाराशी बसून होती. सुई पाहून तिने या खेपेला तोंडातून शब्द काढला नाही. हात वाचला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मात्र तळव्याकडे आवळून चिकटलं ते चिकटलंच.

या सगळ्या प्रकारात मला सर्वांत जास्त चीड कशाची येते ते सांगतो. पाण्याला सवत म्हणणाऱ्या बुवाचा सगळा खेळ पाण्यावरच चालत होता. मडकं उकळलं पाण्याने. लड लावल्यावर क्षणभर गार वाटलं ते पाण्याने. गार खळ थापल्यावर ज्याला बरं वाटलं, त्यालाही तिच्यातल्या पाण्यानेच वाटलं. त्या भोंदूच्या अख्ख्या झोळीत खरं औषध होतं ते एवढंच, आणि तेच तो लोकांना लावू देत नव्हता.

म्हणून सरळ सांगतो. भाजलं की आधी पाणी. धार सोडा, नाहीतर हात पाण्यात बुडवून धरा, आणि आग शमेपर्यंत धरूनच ठेवा. क्षणभर लावून काढू नका. पाण्याने फोड येत नाहीत. फोड भाजल्याने येतो, आणि तो आला तर फोडू नका, वरची कातडी हीच त्याची पट्टी. बांगड्या, अंगठ्या, कडी सुजायच्या आत काढा. कापड चिकटलं असेल तर ओढू नका. शेण, शाई, राख, चुना, तेल, तूप, खळ यातलं काही लावू नका. धुतलेलं स्वच्छ फडकं सैलसर टाका आणि डॉक्टर गाठा. आणि कोणी भाजलेल्या हातातली आग काढून दाखवली तर त्याच्यापुढे एक काकडी ठेवा.

वर्षभराने मी त्या गल्लीत गेलो. पेटी दिसताच आयांनी पोरं मागाच्या खड्ड्यात घातली. ते काही सुटलेलं नाही. पण अंगणात खळीचं भांडं असेल तिथे शेजारी पाण्याची भरलेली घागर दिसली. काशम्माने गल्लीला सांगून ठेवलं होतं, घागर भरल्याशिवाय खळीखाली जाळ घालायचा नाही.

गौरम्मा ओट्यावर कांडी भरत होती. तीन बोटांनी. पूर्वीसारखी झपाट्याने नाही. मी जवळ बसलो तर तिने हात थांबवला.

“मामा, एक इचारू?” ती म्हणाली. “त्या दिशी घागर सगळी वतली आसती, तर ही दोन बोटं ऱ्हायली आसती का?”

आजी समोरच बसून सुताचा गुंता सोडवत होती. 

“व्हय,” काशम्मा म्हणाली. मान वर न करता म्हणाली, आणि गुंता सोडवत राहिली.

तेवढं ‘व्हय’ कळायला त्या घराला पोरीची दोन बोटं द्यावी लागली. तुमच्या घराला ती द्यावी लागू नयेत, म्हणून हे लिहिलं.